टर्बो लॅग कमी करायचाय? आधी लॉग, मग टर्बो

मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) बसवलेल्या गाडीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: पॅडल दाबलं की आधी काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. त्यावर उपाय म्हणून लोक सर्वात महागड्या वस्तूला आधी हात घालतात. नवा टर्बो येतो, नवं मॅनिफोल्ड (सिलिंडरचा एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळ्या) येतं, कधीकधी अख्खं इंजिन नव्याने बांधलं जातं. माझ्या मते लॅगचा मोठा भाग कागदावर अश्वशक्तीचा आकडा लिहिला त्याच दिवशी ठरून जातो. उरलेल्यातला बराचसा गळक्या जोडांत आणि वेळेआधी उघडणाऱ्या वेस्टगेटमध्ये (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वगळून बाहेर सोडणाऱ्या झडपेत) लपलेला असतो. म्हणून इथला क्रम तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाची कामं नंतर येतात. नवं इंजिन बांधायलाच घेतलं असेल, तर टर्बोच्या निवडीचा भाग आधी वाचा.

तक्रार नेमकी कोणती?

‘लॅग’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली म्हणजे बूस्ट थ्रेशोल्ड. बूस्ट म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब. ज्या आरपीएमच्या खाली थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनही टर्बोला पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, ती ही मर्यादा. २,००० आरपीएमला पॅडल दाबून ‘लॅग आहे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा थ्रेशोल्डबद्दल बोलत असतो.

दुसरी म्हणजे खरा लॅग. इंजिन थ्रेशोल्डच्या वर आहे, थ्रॉटल उघडला, तरी ठरलेला बूस्ट यायला जो वेळ जातो तो. हा सेकंदांत मोजायचा, आरपीएममध्ये नाही.

तिसरी गोष्ट कंट्रोलची. टर्बो तयार असतो, पण ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा वेस्टगेट त्याला अडवून धरतो. आधुनिक गाड्यांत पॅडल १०० टक्के दाबलेलं असतं आणि टॉर्क मर्यादेमुळे थ्रॉटल प्लेट मात्र ६० टक्क्यांवर थांबलेली असते. चालवणाऱ्याला हे अगदी लॅगसारखंच जाणवतं. टर्बो बदलून यातलं काहीही सुटत नाही.

शाफ्ट वेग कसा घेतो

टर्बोच्या शाफ्टच्या एका टोकाला एक्झॉस्टने फिरणारं टर्बाइन असतं, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा कंप्रेसर. टर्बाइनला एक्झॉस्टमधून मिळणारी शक्ती घ्या. तिच्यातून कंप्रेसर खातो ती शक्ती आणि बेअरिंगचं घर्षण वजा करा. जे उरतं त्याच्यावर शाफ्ट वेग घेतो. लॅग कमी करायचे सगळे मार्ग या हिशेबातूनच निघतात: टर्बाइनला जास्त द्या, वाया जाणारं कमी करा, किंवा फिरवायचं वजन हलकं करा.

इथे एक चक्रही आहे. बूस्ट थोडा वाढला की इंजिनात जास्त हवा जाते, जास्त इंधन जळतं, जास्त एक्झॉस्ट निघतो आणि टर्बो आणखी वेग घेतो. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यातली छोटी सुधारणा पुढे कितीतरी पट मोठी होऊन दिसते. शेवटच्या ०.३ बारसाठी झगडण्यापेक्षा पहिल्या ०.३ बारकडे लक्ष दिलेलं बरं.

मोजणी

मोजल्याशिवाय केलेला बदल म्हणजे अंदाज. तोही पक्षपाती, कारण नवा भाग बसवलेल्या माणसाला गाडी नेहमीच जास्त तिखट वाटते.

लॉगमध्ये (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची होणारी नोंद) किमान एवढं हवं: आरपीएम, पॅडलची स्थिती, थ्रॉटल प्लेटची खरी स्थिती, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, ठरवलेला बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (वेस्टगेट चालवणाऱ्या विजेच्या झडपेला दिलेला टक्केवारीतला आदेश), लॅम्डा (मिश्रणातल्या हवेचं प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त), इग्निशन टायमिंग आणि इनटेकचं तापमान. टर्बाइनच्या आधीच्या दाबासाठी एक सेन्सर लावता आला तर सोन्याहून पिवळं. हा सेन्सर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसवू नका. बारीक धातूची लांब नळी काढून त्याला उष्णतेपासून दूर ठेवा. टर्बोच्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर मिळाला तर अंदाजबाजीच संपते. नोंदीचा वेग सेकंदाला २० तरी असावा. त्याहून कमी असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक नीट दिसणार नाही.

चाचण्या दोन-तीनच, पण दर वेळी सारख्याच. एक, ठरावीक गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटलवर धाव. बूस्ट १ बारला किती आरपीएमवर पोचला ते लिहा. गिअर बदलला की हा आकडाही बदलतो, हे विसरू नका. वरच्या गिअरमध्ये इंजिन हळू चढतं, टर्बोला जास्त वेळ मिळतो आणि बूस्ट कमी आरपीएमला आलेला दिसतो. चौथ्या गिअरचा आलेख दाखवून तिसऱ्या गिअरच्या आलेखाशी तुलना करणारे ट्यूनर काही कमी नाहीत.

दोन, लोड धरून ठेवणाऱ्या डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आरपीएम ३,५०० किंवा ४,००० ला बांधून थ्रॉटल झटक्यात उघडायचा आणि ठरलेल्या बूस्टच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ मोजायचा. शुद्ध लॅगचा आकडा हाच. तीन, गिअर बदलल्यानंतर बूस्ट परत यायला लागणारा वेळ. ट्रॅकवर चालवणाऱ्यासाठी हा तिसरा आकडा पहिल्या दोन्हींपेक्षा मोलाचा असतो.

या चाचण्या सार्वजनिक रस्त्यावर करू नका.

गळती आणि वेस्टगेट

टर्बोच्या तोंडाशी बंद टोपी आणि हवेचा व्हॉल्व्ह लावून इनटेकमध्ये हळूहळू दाब भरा. आधी ०.५ बार, मग चालवता त्या बूस्टइतका. सिलिकॉन होजचे क्लँप, इंटरकूलरचे वेल्ड, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, थ्रॉटल शाफ्ट, इंजेक्टरचे ओ-रिंग, सगळीकडे साबणाचं पाणी मारा. क्रँककेसच्या श्वसननळीतून हवा आत शिरत असेल तर ती नळी तात्पुरती बंद करा, नाहीतर ऑइल सील बाहेर ढकलले जातील. दाब भरताना जोडांच्या समोर तोंड आणू नका. निसटलेली टोपी गोळीसारखी उडते.

एक्झॉस्ट बाजूची गळती जास्त घातक, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या फ्लँजवर काजळीचा काळा पट्टा दिसला तर टर्बाइनला मिळायची ऊर्जा तिथून निघून जातेय. शिवाय दोन पल्सच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॅम्डा सेन्सर मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दाखवतो. मग क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून इंधन सुधारत राहणं) चालू असेल तर ईसीयू विनाकारण इंधन वाढवतो. फ्लँज वाकडा असेल तर नवं गास्केट टिकणार नाही, मिलिंग करूनच घ्या.

आता वेस्टगेट. अनेक गाड्यांत लॅगचं खरं कारण इथेच बसलेलं असतं. वेस्टगेटच्या झडपेवर एका बाजूने एक्झॉस्टचा दाब असतो. स्प्रिंग मऊ असेल तर तो दाबच झडप थोडी उचलतो, सोलेनॉइडने (वेस्टगेटला मिळणारा दाब सांभाळणाऱ्या विजेच्या झडपेने) काहीही सांगितलं तरी. बूस्ट चढत असताना निसटलेला प्रत्येक ग्रॅम एक्झॉस्ट टर्बाइनला चुकवून जातो. अंतर्गत वेस्टगेट असेल तर अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याला योग्य प्रीलोड आहे का आणि फ्लॅप बैठकीवर पूर्ण बसतो का ते पाहा. दांडा हाताने जोडताना किंचित ओढून बसवावा लागला पाहिजे. सैल लटकत असेल तर तिथेच चोर सापडला.

ढोबळ नियम असा: साध्या तीन-पोर्ट सोलेनॉइडने स्प्रिंगच्या दाबाच्या दुप्पट बूस्टपलीकडे जाण्याची अपेक्षा ठेवू नये. १.६ बार चालवायचा आणि स्प्रिंग ०.५ बारची, ही जोडी लॅगला आमंत्रण आहे. कडक स्प्रिंग टाका, किंवा दोन पोर्टच्या वेस्टगेटला चार-पोर्ट सोलेनॉइड जोडून डायफ्रामच्या वरच्या बाजूला दाब द्या, म्हणजे झडप हवेच्या जोरावरही बंद राहील.

टर्बोची निवड

समजा इंजिन २ लिटरचं, पेट्रोलवर, आणि हवे आहेत क्रँकवर ४०० अश्वशक्ती, ७,००० आरपीएमला. दर अश्वशक्तीमागे तासाला ०.५५ पौंड इंधन आणि हवा-इंधन प्रमाण ११.५ धरा. ४०० × ०.५५ × ११.५ ÷ ६० म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ पौंड हवा, किलोत सांगायचं तर १९. (टर्बोचे मॅप, म्हणजे कंप्रेसर किती हवा किती दाबाने देऊ शकतो याचे आलेख, अजूनही बहुतांशी पौंडातच छापले जातात, म्हणून तेच एकक ठेवतो.)

इंजिनाला ही हवा गिळता यायला किती दाब लागेल? २ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ७,००० आरपीएमला मिनिटात ७,००० लिटर भरतं. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते प्रमाण) ९५ टक्के धरली तर ६,६५० लिटर. १९ किलो हवा त्यात बसवायची तर घनता हवी घनमीटरला २.८६ किलो. इनटेकचं तापमान ५० अंश सेल्सिअस असेल तर त्यासाठी सुमारे २.६५ बार निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजवर १.६५ बार. इंटरकूलर आणि नळ्यांत ०.१५ बार जातो असं धरलं तर कंप्रेसरला २.८ बार द्यावे लागतील. फिल्टरमुळे त्याच्या तोंडाशी ०.९७ बारच असतील, म्हणजे प्रेशर रेशो जवळपास २.९.

४२ पौंड आणि २.९ हा बिंदू कंप्रेसर मॅपवर मांडा. तो मॅपच्या उजव्या बाजूला, पण चोक रेषेला (जिच्यापलीकडे कंप्रेसरमधून जास्त हवा जातच नाही) न चिकटता पडला पाहिजे. मग दुसरा बिंदू मांडा, जो बहुतेक लोक मांडतच नाहीत: हाच बूस्ट ३,५०० आरपीएमला मागितला तर हवा निम्मी, साधारण २१ पौंड, प्रेशर रेशो तोच. मोठ्या कंप्रेसरवर हा बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्यापलीकडे हवा कंप्रेसरमधून उलटी फिरू लागते) डावीकडे जातो. तसं झालं तर त्या आरपीएमला तो बूस्ट मिळणारच नाही, मागे टर्बाइन कितीही चपळ लावा. बूस्टचा आलेख तरी आरपीएमसोबत हळूहळू चढता ठेवावा लागेल, नाहीतर कंप्रेसर लहान घ्यावा लागेल.

आता मोठ्या टर्बोची किंमत पाहू. एकाच घडणीचं चाक १० टक्क्यांनी मोठं केलं तर त्याचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने, म्हणजे ६१ टक्क्यांनी वाढतं. हा आकडा जाहिरातीत आवडीने सांगतात, पण तो अर्धाच हिशेब आहे. मोठ्या चाकाला टोकाचा तोच वेग गाठायला कमी आरपीएम लागतात, त्यामुळे त्याच्यात साठवायची ऊर्जा व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते, सुमारे ३३ टक्के. तरीही एक तृतीयांश जास्त ऊर्जा, आणि ती द्यायला इंजिन तेवढंच! त्यात मोठ्या टर्बाइन हाउसिंगमधून तोच एक्झॉस्ट कमी दाबाने वाहतो, म्हणजे मिळणारी शक्तीही घटते.

म्हणून ‘उद्या ६०० करायचे आहेत, आजच मोठा घेऊन ठेवू’ हा विचार मला पटत नाही. ६०० चा टर्बो लावून ४०० वर चालवलेली गाडी दोन्हीकडून मार खाते. आज जेवढे लागतात त्याच्या १०-१५ टक्के वर क्षमता असलेला टर्बो घ्या आणि थांबा.

ए/आर, ट्विन-स्क्रोल आणि टर्बाइनची बाजू

टर्बाइन हाउसिंगचा ए/आर (आतल्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले तिचं केंद्रापासूनचं अंतर) लहान, तर एक्झॉस्टचा वेग जास्त, बूस्ट लवकर. मोठा, तर वरच्या आरपीएमला मोकळा श्वास. एकाच टर्बोला ०.६३, ०.८२, १.०६ अशी हाउसिंगं मिळतात. ती बदलणं हा अख्खा टर्बो बदलण्यापेक्षा सोपा प्रयोग आहे. निर्णय घ्यायला टर्बाइनच्या आधीचा दाब मोजा. वरच्या आरपीएमला तो बूस्टच्या दुपटीपलीकडे जात असेल तर हाउसिंग फारच घट्ट आहे. तो बूस्टइतकाच किंवा कमी असेल आणि बूस्ट उशिरा येत असेल, तर एक पायरी खाली यायला जागा आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात मला सर्वात जास्त विश्वास वाटतो तो ट्विन-स्क्रोलवर, म्हणजे एक्झॉस्ट दोन वेगळ्या वाटांनी टर्बाइनपर्यंत नेण्यावर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. दर १८० अंशांनी एक सिलिंडर एक्झॉस्ट सोडतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याहून जास्त वेळ उघडा असतो. म्हणजे एका सिलिंडरची ताजी पल्स दुसऱ्याच्या अजून न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून उलटी घुसते. १ व ४ एका वाटेने आणि २ व ३ दुसऱ्या वाटेने नेले की एका वाटेवरच्या दोन पल्समध्ये ३६० अंशांचं अंतर पडतं. प्रत्येक पल्स आपला जोर टिकवून टर्बाइनवर आदळते. सरळ सहामध्ये १-५-३-६-२-४ या क्रमाने पुढचे तीन आणि मागचे तीन अशी विभागणी होते. तीन सिलिंडरमध्ये पल्स मुळातच २४० अंशांवर असतात, तिथे या खटाटोपातून फारसं काही मिळत नाही.

मात्र ट्विन-स्क्रोल अर्धवट केला तर तो असून नसल्यासारखा. मधली भिंत मॅनिफोल्डपासून टर्बाइनच्या चाकाजवळपर्यंत सलग हवी. गास्केटलाही मधली पट्टी हवी. आणि बाह्य वेस्टगेट दोन लावा, प्रत्येक वाटेला एक. एकच लावायचा असेल तर झडप मिटलेली असताना दोन्ही वाटा एकमेकींपासून बंद राहतील अशी रचना हवी. दोन्ही वाटा वेस्टगेटच्या नळीतच एकत्र आल्या, तर इतक्या मेहनतीने वेगळ्या केलेल्या पल्स तिथे मिसळतात.

व्हेरिएबल जॉमेट्री (हलत्या पात्यांनी टर्बाइनची वाट लहान-मोठी करणं) हा दोन हाउसिंगं एकात असल्यासारखा प्रकार. डिझेलमध्ये तो सर्रास आहे. पेट्रोलचं एक्झॉस्ट जास्त गरम असल्याने तिथे तो उशिरा आला. २००६ मध्ये पोर्शेने ९९७ मालिकेच्या ९११ टर्बोमध्ये तो आणला. डिझेलचा असा टर्बो उचलून जोरदार पेट्रोल इंजिनावर लावायचा मोह टाळा. पाती उष्णतेने अडकतात.

चाकाचा धातूही बघा. फिरत्या जोडीच्या जडत्वात टर्बाइनचा वाटा मोठा, कारण ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं, अ‍ॅल्युमिनियमच्या कंप्रेसरपेक्षा जवळपास तिप्पट घनतेचं. त्यामुळे नुसतं ‘बिलेट’ (अखंड धातूतून कोरलेलं) कंप्रेसर चाक लावून लॅग घटेल ही आशा फोल आहे. बिलेटचे फायदे वेगळे आहेत. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडचं टर्बाइन निकेलच्या निम्म्या वजनाचं असतं. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांत ते वापरलं, बोर्गवॉर्नरच्या ईएफआर मालिकेतही ते आहे. निसानने स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ वर सिरॅमिक चाकं दिली होती. हलकी खरी, पण बूस्ट वाढवला की ती तुटल्याच्या कहाण्या प्रत्येक जुन्या मेकॅनिककडे आहेत.

बॉल बेअरिंगने घर्षण घटतं, आणि फरक विशेषतः कमी आरपीएमला जाणवतो. पण निर्मात्याने सांगितलेला ऑइल रेस्ट्रिक्टर लावा, पाण्याच्या नळ्या जोडा आणि ऑइलची परतीची नळी जाड, सरळ खाली जाणारी ठेवा. परतीचं ऑइल तुंबलं तर ते सीलमधून बाहेर येतं, आणि मग नवाकोरा टर्बो धूर काढू लागतो.

मॅनिफोल्ड, उष्णता, डाउनपाइप

टर्बाइनला मिळणारी शक्ती एक्झॉस्टच्या निरपेक्ष तापमानाशी सरळ प्रमाणात असते. ७०० अंश सेल्सिअसऐवजी ८०० अंशांचा वायू टर्बाइनपर्यंत पोचवला तर बाकी सगळं तेच ठेवून शक्ती सुमारे १० टक्के वाढते. म्हणून मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग आणि टर्बाइन हाउसिंगला ब्लँकेट ही दोन कामं कमी खर्चात मोल वसूल करून देतात. पट्टी गुंडाळणंही चालतं, पण पातळ साध्या पोलादाच्या नळ्यांवर गुंडाळली तर त्या आतून जळून चिरतात. आणि ऑइलने भिजलेली पट्टी पेट घेते.

नळ्यांची लांबी आणि आकार यावर वाद घालणारे खूप. लवकर बूस्ट हवा असेल तर मॅनिफोल्डमधलं एकूण आकारमान लहान ठेवा, एवढं पुरेसं आहे. नळीचा आतला व्यास पोर्टच्या जवळपासचा, वळणं मोठ्या त्रिज्येची, कलेक्टर तीव्र कोन न करता एकत्र येणारा. लांब, समान लांबीच्या नळ्यांचा फायदा वरच्या आरपीएमला दिसतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला चांगलं ओतीव मॅनिफोल्ड पुष्कळदा जास्त योग्य असतं, कारण ते सहसा चिरत नाही आणि चिरलेल्या मॅनिफोल्डइतका लॅग दुसरं काही वाढवत नाही.

टर्बाइनच्या पुढचा रस्ता मात्र मोकळाच हवा. टर्बाइनच्या आधी २ बार निरपेक्ष दाब आहे असं धरा. नंतरच्या बाजूचा दाब १.३ वरून १.१ बारवर आणला तर दर किलो वायूमागे निघणारं काम तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. बूस्ट चढण्याच्या सुरुवातीला वायू कमी वाहतो, तेव्हा फरक एवढा मोठा नसतो, पण दिशा तीच. वेस्टगेटचा वायू डाउनपाइपमध्ये (टर्बाइनमधून बाहेर नेणाऱ्या नळीत) टर्बाइनच्या लगेच मागे आडवा घुसवू नका. थोडा पुढे, तिरका मिसळू द्या.

व्ही आकाराच्या इंजिनात एका मोठ्या टर्बोकडे दोन्ही बँकचा (सिलिंडरच्या रांगांचा) एक्झॉस्ट लांब नळीने नेण्यापेक्षा दोन लहान टर्बो लावणं बरं. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एन६३ इंजिनात टर्बो थेट दोन बँकच्या मधल्या खोबणीत ठेवले, ते याच अंतराच्या हिशेबाने.

इंजिन स्वतः

लॅगवरचा सर्वात प्रामाणिक उपाय म्हणजे जास्त सीसी. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनाचा स्ट्रोक ८८ मिमी. त्याच्यात १०० मिमी स्ट्रोकचा क्रँक बसवला की २ लिटरचं इंजिन २.३ लिटरचं होतं आणि त्याच आरपीएमला सुमारे १४ टक्के जास्त हवा खेचतं. थ्रेशोल्ड त्याच प्रमाणात खाली सरकतो.

कॉम्प्रेशन रेशोबद्दल जुनी भीती अजून टिकून आहे. १९७५ च्या पोर्शे ९३० मध्ये तो ६.५ होता, आणि बूस्ट नसताना ते इंजिन सुस्त असे. तेव्हा नॉक (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अवेळी स्फोट) सांभाळायला दुसरे फारसे मार्ग नव्हते. आज चांगलं इंधन, नॉक कंट्रोल आणि अचूक इग्निशन असताना ९ ते १०.५ मध्ये इंजिन बांधायला हरकत नाही. बूस्ट नसतानाची ओढ सुधारते, इंजिन थ्रेशोल्डपर्यंत लवकर पोचतं. ई८५ सारखं (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) इंधन मिळत असेल तर आणखी वर जाता येतं.

कॅमशाफ्टच्या बाबतीत संयम ठेवा. टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टपेक्षा जास्त असताना मोठा ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असणं) म्हणजे जळलेला वायू सिलिंडरमध्ये परत. पण बूस्ट चढत असताना, कमी आरपीएमला, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब थोडा काळ एक्झॉस्टपेक्षा वर असतो. त्या खिडकीत व्हेरिएबल कॅमने ओव्हरलॅप वाढवला तर ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते आणि टर्बाइनला जास्त वायू मिळतो. हे थेट इंजेक्शनच्या इंजिनात सर्वात चांगलं जमतं, कारण तिथे धुणारी हवा इंधनाशिवाय जाते. कॅम हलवत लॉग पाहत बसायचं, याला दुसरा शॉर्टकट नाही.

इंटरकूलरबद्दल थोडक्यात, कारण याचा बाऊ फार होतो. मोठ्या इंटरकूलरने आकारमान ४ लिटरने वाढलं असं समजा. २ लिटरचं इंजिन ३,००० आरपीएमला बूस्टशिवायच सेकंदाला जवळपास ५० लिटर हवा गिळतं. ४ लिटर जागेत १ बार भरायला ४ लिटर जादा हवा लागेल, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतली गोष्ट. इंटरकूलर लहान ठेवून नॉक ओढवून घेण्यात अर्थ नाही. मात्र विनाकारण फेऱ्या मारणाऱ्या नळ्या जरूर छाटा.

मॅपिंग

चढता बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या ०.२ ते ०.३ बार जवळ येईपर्यंत वेस्टगेटची ड्यूटी झडप पूर्ण बंद ठेवणारी असावी. अनेक मॅप (ईसीयूतले तक्ते) ओव्हरशूटच्या, म्हणजे बूस्ट ठरलेल्याच्या वर उसळण्याच्या, भीतीने खूप आधी झडप सैल करतात. ओव्हरशूट आटोक्यात ठेवायला दर आरपीएमसाठी मूळ ड्यूटीचा तक्ता नीट भरा, आणि झडप बंद असताना पीआयडीचा (बूस्टमधला फरक पाहून ड्यूटी सुधारणाऱ्या नियंत्रणाचा) इंटिग्रल, म्हणजे फरक जमवत जाणारा, भाग साचू देऊ नका. मग फीडबॅकला थोडंच काम उरतं.

बूस्ट चढत असताना ०.७८ लॅम्डा ठेवायचं कारण नाही. त्या भागात सिलिंडरमधला दाब कमी असतो. ०.८८ ते ०.९२ च्या आसपास इंजिन जास्त चांगलं ओढतं. नॉकवर कान ठेवून एकेक पायरी जा. इग्निशन मागे घेतलं (ठिणगी उशिरा पाडली) तर एक्झॉस्ट तापतो आणि टर्बाइन लवकर फिरते, पण तेवढ्या वेळात टॉर्क जातो. गाडी उभी असताना, लाँचच्या वेळी, हा सौदा फायद्याचा. चालत्या गाडीत नेहमी नाही.

गिअर बदलताना बूस्ट टिकवायला फ्लॅट-शिफ्ट वापरता येतं, म्हणजे पॅडल दाबलेलंच ठेवून इग्निशन क्षणभर तोडणं. आणि गिअरचं गणितही करून पाहा. दुसरा १.९५ आणि तिसरा १.३७ असेल तर ७,००० ला गिअर टाकल्यावर इंजिन सुमारे ४,९०० वर येतं. पूर्ण बूस्ट ४,२०० ला येत असेल, तर ट्रॅकवर गिअर बदलताना तुमचा थ्रेशोल्ड कधी आडवा येणारच नाही. अशा गाडीवर आणखी खर्च करण्याआधी ती कुठे चालवायची आहे ते ठरवा. उलट संथ वळणातून ३,००० ला बाहेर पडायचं असेल तर फायनल ड्राइव्ह लहान करणं (म्हणजे त्याच्या गुणोत्तराचा आकडा वाढवणं) हा टर्बो बदलण्याइतकाच परिणामकारक उपाय आहे.

अँटी-लॅग आणि पुढचं

रॅलीतल्या गाड्यांत पॅडल सोडल्यावरही फटफट आवाज येतो तो अँटी-लॅगचा. थ्रॉटल किंचित उघडा ठेवून किंवा वेगळ्या झडपेने एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये हवा सोडून, ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असण्याच्या क्षणाच्या) बरीच नंतर पाडून, इंधन एक्झॉस्टमध्येच जाळलं जातं. टर्बाइन फिरती राहते. रॅलीच्या नियमांत टर्बोच्या तोंडाशी रेस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारं तोंड) सक्तीचा असतो, त्यामुळे वरची ताकद बांधलेली. मग सगळी स्पर्धा खालच्या आणि मधल्या टप्प्यात लढली जाते. तिथे हे तंत्र परवडतं, कारण टर्बो आणि मॅनिफोल्ड ठरावीक अंतराने बदलायचेच असतात.

रस्त्यावरच्या गाडीत मी ते लावायला सांगणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळतो, टर्बाइनचं तापमान मर्यादेपलीकडे जातं आणि ब्रेकच्या सर्वोला लागणारं व्हॅक्यूम नाहीसं होतं. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि तो पहिल्याच उतारावर आठवतो. फक्त ट्रॅकसाठी लावायचंच असेल तर ते बटणाने चालू होणारं, काही सेकंदांनी आपोआप बंद होणारं आणि एक्झॉस्टच्या तापमानाला बांधलेलं असू द्या. बहुतेक टर्बाइनसाठी ९५० अंश सेल्सिअस ही सुरक्षित कमाल मर्यादा. चांगल्या मिश्रधातूच्या आधुनिक टर्बोंना १,०५० पर्यंत चालतं, तेही निर्मात्याने तसं लिहून दिलं असेल तरच.

कारखान्यांनी यावर विजेचा मार्ग काढला आहे. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर फिरणारा वेगळा कंप्रेसर दिला. मर्सिडीज-एएमजीने २०२२ च्या एसएल ४३ मध्ये टर्बोच्या शाफ्टवरच मोटर बसवली. फॉर्म्युला वनमध्ये हीच कल्पना एमजीयू-एच या नावाने २०१४ ते २०२५ पर्यंत होती. व्होल्वोने डिझेलमध्ये छोट्या टाकीतली दाबाची हवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये सोडून टर्बाइनला ढकलणारी रचना केली. स्वतः बांधलेल्या इंजिनात विजेचा कंप्रेसर बसवायचा तर आधी करंटचा हिशेब करा. २ लिटरच्या इंजिनाला ३,००० आरपीएमला अर्धा बार द्यायचा म्हटला तरी काही किलोवॅट लागतात, आणि १२ व्होल्टवर १ किलोवॅट म्हणजे ८० अँपियरहून जास्त. पंख्याएवढी वस्तू इनटेकच्या नळीत बसवून ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणून जे विकलं जातं, त्याचा पुरवठा किती अँपियरचा आहे ते पाहिलं की उत्तर मिळतं.